कार्ड आत्याचे, धावपळ भाच्याची

महिन्याचा पहिला आठवडा. पेन्शन जमा झालेली असते आणि एटीएमच्या काचेच्या खोलीबाहेर पाच-सात जण उभे असतात. सत्तरी ओलांडलेली एक आत्या आत जाते. चष्मा घरी राहिलेला असतो. पडद्यावरची अक्षरे नीट दिसत नाहीत, कार्ड एकदा उलटे घातले जाते. मागचा तरुण पुढे होतो. "आजी, तसं नाही, द्या इकडं." तो कार्ड घालतो, आत्या पिन दाबते, पाच हजार बाहेर येतात. तरुण कार्ड परत देतो, आत्या त्याला आशीर्वाद देते. पर्समध्ये जाते ते कार्ड त्याच बँकेचे असते, त्याच निळ्या रंगाचे असते, पण नाव दुसऱ्याच कुणाचे असते.

ही हकीकत एका ठरावीक आत्याची नाही. कार्डाची अदलाबदल करून वृद्धांना लुटण्याची ही तऱ्हा इतकी जुनी आहे की गाव बदलले तरी तपशील तेच राहतात. चोराला फक्त दोन गोष्टी लागतात: डोळ्यांनी टिपलेले चार आकडे आणि हातचलाखीने मिळवलेले प्लास्टिक. पुढच्या तासाभरात दुसऱ्या बँकेच्या यंत्रांतून दहा-दहा हजार निघतात आणि मग एखाद्या दुकानात मोबाइल किंवा सोने खरेदी होते.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. ती बहुतेक वेळा आत्याच्या वाट्याला न येता पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या भाच्याच्या, लेकीच्या किंवा नातवाच्या वाट्याला येते. आत्या आधी दोन दिवस गप्प बसते. "माझीच चूक झाली, मुलं काय म्हणतील" ही लाज तिला गिळून टाकते. पैसे परत मिळण्याच्या हिशेबात या दोन दिवसांच्या गप्प बसण्याची किंमत सर्वांत जास्त असते, आणि तो हिशेब आकड्यांनिशी मांडता येतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणी सोसायचे, हे त्यात ठरवून दिलेले आहे. सहकारी बँकांसाठी असाच आदेश त्याच वर्षी डिसेंबरात निघाला. चूक बँकेची असेल तर खातेदाराने तक्रार कधीही केली तरी त्याची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, तिसऱ्याच कुणी घात केला, तर व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे, आणि सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार. खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे उदाहरणार्थ त्याने पिन किंवा ओटीपी कुणाला दिल्यामुळे, पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर मात्र एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा.

आता आत्याचे खाते उघडून पाहू. समजा, शुक्रवारी दुपारी तिच्या खात्यातून दहा हजार चार वेळा निघाले आणि अडतीस हजारांची एक खरेदी झाली. एकूण ७८ हजार. संदेश त्याच दिवशी आले. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. संदेश आला तो दिवस धरायचा नाही आणि मूळ शाखेच्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत. म्हणजे सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. तिसऱ्या पक्षाने घात केला हे मान्य झाले, तर बुधवारपर्यंत कळवणाऱ्या आत्याला ७८ हजार पूर्ण मिळायला हवेत.

तीच आत्या गुरुवारी गेली तर? साध्या बचत खात्यासाठी मर्यादा दहा हजारांची आहे. ऐकायला दिलासा वाटतो, पण ही मर्यादा एकूण रकमेला नसून प्रत्येक व्यवहाराला आहे. दहा हजारांचे चारही व्यवहार मर्यादेत बसतात, म्हणून ते चाळीस हजार पूर्णपणे आत्याचे गेले. अडतीस हजारांच्या खरेदीतले दहा तिचे आणि अठ्ठावीस बँकेचे. बुधवार आणि गुरुवार यांच्यात पन्नास हजार रुपयांचा फरक पडला! एटीएममधून निघणाऱ्या छोट्या-छोट्या रकमांच्या बाबतीत ही मर्यादा खातेदाराला जवळजवळ काहीच संरक्षण देत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी ती व्यवहारागणिक न ठेवता संपूर्ण घटनेसाठी ठेवायला हवी होती.

दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदेला बँका बंद असतात, त्यामुळे तीन दिवसांची मुदत आपोआप लांबते. पण ती मुदत तक्रारीच्या हिशेबापुरती. चोर सुट्टी घेत नाही आणि कार्ड बंद करण्याची सोय बँकांना चोवीस तास ठेवावीच लागते. म्हणून क्रम एकच: आधी कार्ड बंद, मग बाकी सगळे.

भाचा इथेच पहिल्यांदा अडखळतो. तो पुण्यातून बँकेच्या क्रमांकावर फोन करतो आणि पलीकडचा माणूस विचारतो, "खातेदार बोलताहेत का?" खातेदार दोनशे किलोमीटरवर, फोनवर रडत. बँक भाच्याशी बोलणार नाही आणि तिचे तसे वागणे योग्यच आहे, कारण उद्या कुणीही भाचा म्हणून फोन करील. अशा वेळी आत्याला कॉन्फरन्सवर घ्यावे किंवा शेजारच्या कुणाला तिच्याजवळ बसवून तिच्याकडूनच फोन करवावा. जन्मतारीख, खात्याचा क्रमांक, शेवटचा खरा व्यवहार एवढे कागदावर लिहून तिच्या हाताशी ठेवावे. कार्ड बंद झाले की तक्रार क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि त्याची वेळ हा पुढच्या सगळ्या लढाईतला पहिला पुरावा. नंतर "आम्ही फोन केला होता" हे शब्द कुणी मोजत नाही, क्रमांक मोजला जातो.

दुसरा फोन १९३० ला. केंद्रीय गृहखात्याने २०२१ मध्ये सुरू केलेली ही आर्थिक सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी. आधी तिचा क्रमांक १५५२६० असा लांबलचक होता. इथे नोंद झाली की पैसा ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेला तिथे ती रक्कम गोठवण्यासाठी संदेश जातो. ऑनलाइन वळवलेल्या पैशांसाठी हा मार्ग फार मोलाचा आहे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात पळत असतो आणि तो वाटेत अडवता येतो. एटीएममधून निघालेल्या नोटा मात्र अशा अडवता येत नाहीत. तरीही नोंद करावी, कारण चोराने त्याच कार्डावरून आणखी काय केले ते त्या घटकेला कुणालाच ठाऊक नसते.

पर्स गेली आणि पर्समध्ये फोनही होता, तर धोका दुप्पट होतो. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्यावर छापलेली मुदत आणि त्याच फोनवर येणारा ओटीपी एवढ्यावर यूपीआयचा नवा पिन तयार करण्याची सोय आहे. काही बँका एटीएमचा पिनही मागतात. म्हणून कार्डाबरोबर सिमही लगेच बंद करून घ्यावे. नुसते कार्ड बंद करून निश्चिंत झालेली घरे दुसऱ्या दिवशी पुन्हा लुटली जातात.

मग येतो लेखी अर्ज. शाखेतला कर्मचारी एक छापील डिस्प्यूट फॉर्म पुढे करतो. तो भरावा, पण त्याला स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद जोडावा: "माझ्या खात्यातून अमुक तारखेला अमुक वेळांना खालील पाच व्यवहार झाले. ते मी केलेले नाहीत व त्यांना माझी संमती नव्हती. अमुक वाजता तक्रार क्रमांक अमुकने मी कार्ड बंद केले. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रक्कम खात्यात जमा करावी. संबंधित एटीएमचे चित्रण जपून ठेवावे." खाली आत्याची सही, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि पोच. चित्रणाची ओळ विसरू नये. बँका ते कायमचे ठेवत नाहीत, आणि पैसे काढणारा चेहरा आत्याचा नाही हे दाखवणारा तोच एकमेव साक्षीदार असतो.

अर्जात जे घडले तेवढेच लिहावे. खोटे तर लिहू नयेच, पण तर्कही लिहू नयेत. "बहुतेक पिन कुणाला तरी सांगितला गेला असावा" असे एक घाबरलेले वाक्य कागदावर उतरले की बँकेचे उत्तर तयार होते: निष्काळजीपणा, दावा नामंजूर. पिन सांगणे आणि पिन चोरून पाहिला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच लिहिल्या गेल्या पाहिजेत.

परिपत्रकातली सर्वांत मोलाची ओळ इथेच कामाला येते. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. शिवाय तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात दाखवायची असते, विम्याचा दावा मंजूर होण्याची वाट न पाहता. बँकेच्या भाषेत हे शॅडो क्रेडिट. नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. शाखांमधून मात्र अनेकदा उलटा सूर लागतो. "पिनशिवाय पैसे निघतच नाहीत, म्हणजे तुम्हीच दिला असणार." हा युक्तिवाद जुना आहे आणि कधीकाळी तो टिकायचाही. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका प्रकरणात, कार्ड आणि पिन या दोन्हींशिवाय पैसे काढणे शक्य नाही असे म्हणत बँकेच्या बाजूने कौल दिला होता.

वारे फिरले ते नंतर. जानेवारी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगितले, की खातेदाराने एसएमएसला प्रतिसाद दिला नाही एवढ्यावरून बँकेची जबाबदारी संपत नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ७६ लाखांहून अधिक रकमेचे प्रकरण आले. व्यवहार कार्डाचा नव्हता, नेट बँकिंगचा होता, पण नियम तोच. तक्रारदारांनी त्याच दिवशी सायबर पोलिसांना आणि बँकेला कळवले होते, तरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांनी तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवून बँक ऑफ बडोदाला सहा आठवड्यांत रक्कम परत करायला सांगितले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आसाममधल्या एका खातेदाराचे ९४ हजार रुपये परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. त्या खातेदारानेही चोवीस तासांच्या आत तक्रार केली होती.

या सगळ्यांपेक्षा मराठी घरांना जवळचे वाटावे असे एक प्रकरण ठाण्याचे आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मुलीसाठी ठाण्यातल्या एका वडिलांनी २००७ मध्ये एचडीएफसी बँकेकडून परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड घेतले. डिसेंबर २००८ मध्ये त्या कार्डावरून काही दिवसांत सुमारे सहा हजार डॉलर निघाले. मुलगी तिकडे, वडील इकडे, आणि बँकेचे म्हणणे की कार्ड चोरीला गेले असणार. प्रकरण जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पायऱ्या चढले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने निकाल दिला: कार्ड चोरीला गेल्याचा पुरावा बँकेने दिलेला नाही, आजच्या काळात कार्ड हॅक होण्याची शक्यता नाकारता येत नाही, रक्कम व्याजासह परत करा. बारा वर्षे लागली. शिकायला परदेशी गेलेल्या मुलांच्या कार्डांवर जे आईबाप नाशिक-कोल्हापुरात बसून लक्ष ठेवून असतात, त्यांनी हा निकाल माहीत करून घ्यायलाच हवा.

याच्या अगदी उलट टोकाला बंगळूरची एक गोष्ट आहे, आणि ती वाचून कुणाच्याही पोटात कालवाकालव होईल. नोव्हेंबर २०१३. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका बाईने नवऱ्याला आपले एटीएम कार्ड आणि पिन दिला. पंचवीस हजार काढून आण, एवढेच सांगितले. यंत्रातून चिठ्ठी आली, पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. बाईने दाद मागितली. चित्रण निघाले तेव्हा यंत्रासमोर नवरा दिसला आणि बँकेने सांगितले की कार्ड हस्तांतरणीय नाही, पिन दुसऱ्याला दिला म्हणजे अट मोडली. मे २०१८ मध्ये ग्राहक मंचाने बँकेचे म्हणणे उचलून धरले. नवऱ्याला पाठवायचे होते तर स्वतःच्या नावाचा धनादेश किंवा अधिकारपत्र द्यायला हवे होते, असे मंच म्हणाला.

इथे चोरी नव्हती, फसवणूक नव्हती, यंत्राचा दोष होता, आणि तरी पंचवीस हजार गेले. आपल्याकडे किती घरांत आजोबांचे कार्ड नातवाच्या खिशात असते, आईचा पिन सुनेला पाठ असतो, कार्डाच्या कागदी पाकिटावर बॉलपेनने चार आकडे लिहिलेले असतात! हे सगळे प्रेमापोटी आणि अडचणीपोटी होते. गुडघे दुखतात, एटीएम लांब असते. पण त्या नात्याला बँकेच्या लेखी अस्तित्वच नाही. खाते संयुक्त करून लेकीच्या नावाचे स्वतंत्र कार्ड घेता येते. सत्तरीवरच्या खातेदारांना घरपोच रोकड देण्याची सोय करा, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. ती मागायला माणूस शाखेत गेला पाहिजे.

कधी चोर घरातलाच निघतो. पुतण्या, भाडेकरू, रोज येणारी कामवाली, औषधे आणून देणारा शेजारी. पिन विश्वासाने दिलेला असतो, म्हणून बँकेकडून काही मिळण्याची आशा फार कमी. अशा वेळी कुटुंब "घरातली गोष्ट घरात" म्हणून थांबते आणि कार्ड चालूच राहते. पोलिसांत जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण बँकेला त्याच दिवशी कळवावे. कळवल्याच्या क्षणापासून पुढची जबाबदारी बँकेची होते. एकट्या वृद्धांना कुणाशी बोलायचे असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

पोलिस ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य अजून ऐकू येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. कुणाच्या तरी खात्यात गोठवलेली रक्कम परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो, कलम ५०३ खाली. हा टप्पा अनेकांना माहीत नसतो. पैसे सापडलेले असतात, गोठलेले असतात आणि मालक वाट बघत बसलेला असतो.

बँकेने नाही म्हटले किंवा तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ च्या एकात्मिक योजनेमुळे ही तक्रार ऑनलाइन, फुकट आणि वकिलाशिवाय करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. भाच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की आत्याने अधिकारपत्र दिले तर तो तिच्या वतीने तक्रार चालवू शकतो. लोकपालाकडे आधी जावे, ग्राहक आयोगाकडे नंतर, कारण न्यायालयात किंवा आयोगात चालू असलेले प्रकरण लोकपाल हाती घेत नाहीत.

आणखी एक दार मुंबईत मंत्रालयात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ नुसार पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. २०१३ मध्ये त्या वेळचे सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्यातल्या एका उद्योगाच्या फसवणुकीत पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले होते. पेन्शनवर जगणाऱ्या आत्यासाठी हे दार लांबचे, पण रक्कम मोठी असेल तर ते ठोठावावे.

चोराचे काम अवघड करणारी एक सोय कार्डातच आहे आणि ती बहुतेकांनी कधी वापरलेली नसते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक कार्डावर ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि नुसते टेकवून पैसे देणे या तिन्ही गोष्टी खातेदाराला हव्या तेव्हा चालू-बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. टेकवून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय खर्च होऊ शकतो. महिन्यातून एकदा पाच हजार काढणाऱ्या आत्याला यातले काहीच लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ते बंद करायला आणि एटीएमची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणायला पाच मिनिटे पुरतात.

दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळ झाल्यावर एवढे काम करा. आत्याच्या, आईच्या, मामांच्या खात्याला कुठला मोबाइल नंबर जोडलेला आहे ते पाहा. तो अनेकदा वारलेल्या काकांचा असतो, किंवा बंद पडलेला असतो, किंवा कपाटात चार्जिंगला लावलेल्या फोनमधला असतो. तो बदलायला अर्ज खातेदाराच्या सहीनेच द्यावा लागतो, म्हणून भाऊबीजेनंतर बँक उघडेल त्या दिवशी त्यांना हाताला धरून शाखेत घेऊन जा. घरी परतल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत दोन क्रमांक लिहून ठेवा: बँकेचा कार्ड बंद करण्याचा आणि १९३०. दोन्ही चोवीस तास चालू असतात.